आधी टाके मोजा

क्रोशा विणणाऱ्या यंत्रांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर ठरलेले. एक म्हणतो, हाताची सर यंत्राला कधी येणार नाही, कलेचा आत्माच जाईल. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चला, नाहीतर ही कला रुखवताच्या टेबलावरच संपेल. पहिल्याला आजीच्या हातचा रुमाल आठवतो, दुसऱ्याला निर्यातीचे आकडे दिसतात. वाद सुईवरून चालतो. सुई धरणारीला दिवसाचे किती सुटतात हे मात्र दोघांपैकी कुणी विचारत नाही. म्हणून माझी बाजू आधीच सांगून टाकते. क्रोशा संगणकात न्यावा, प्रयोगशाळेत न्यावा, यंत्रमानवाच्या हातातही द्यावा. माझा त्याला विरोध नाही. पण क्रम चुकतो आहे. इथे संगणकाचं पहिलं काम टाके आणि तास मोजण्याचं आहे, विणण्याचं नंतर. जिच्या कामाचा हिशेब कधी कागदावर आलाच नाही, तिच्या कामाची नक्कल करणारं यंत्र आधी बांधायला घ्यायची घाई कुणाच्या सोयीची आहे?

‘क्रोशा हे एकच विणकाम असं आहे की जे यंत्राला जमलेलं नाही,’ हे वाक्य विणणाऱ्या बायका अभिमानाने सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. दोन सुयांवरच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये बनवलं. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून चाळीस वर्षं होती, तेव्हा तिकडे मोजे यंत्रावर निघत होते. क्रोशाचं तसं यंत्र अजून कुठल्याही कारखान्यात नाही. कारण त्याच्या रचनेत आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे फास एकाच वेळी सुईवर उघडे असतात. प्रत्येक फासाला एक आकडी द्यायची, आकड्या रांगेत मांडायच्या. पुढचा फास कुठे सापडेल हे यंत्राला आधीच ठाऊक असतं. क्रोशात बहुतेक वेळ सुईवर एकच फास जिवंत असतो. आधीचे टाके मिटून कापडात बसलेले असतात, आणि पुढचा खांब, म्हणजे उभा टाका, घालायला सुईने त्या कापडात जागा शोधायची असते: कधी मागच्या ओळीतल्या टाक्याच्या माथ्यात, कधी दोन खांबांमधल्या जाळीत, कधी दोन ओळी खाली. कापड मऊ, प्रत्येक ओढीसरशी सरकणारं. ती जागा डोळ्यांपेक्षा बोटं शोधतात. डाव्या हाताची तर्जनी दोऱ्याचा ताण धरते, अंगठा आणि मधलं बोट कापड पकडून ठेवतात, उजवा हात सुई घालून वेढा घेतो आणि बाहेर काढताना मनगट किंचित फिरवतो, म्हणजे आकडी वाटेत अडकत नाही. माझी एक मावशी हे सगळं मालिका बघता बघता करते आणि मध्ये कुकरच्या शिट्ट्याही मोजते.

बाजारात ‘क्रोशे मशिन’ या नावाने जे मिळतं त्यावर साडीच्या लेस, झालरी, इलॅस्टिकच्या पट्ट्या निघतात. त्यात उभ्या दोऱ्यांच्या साखळ्या शेजारीशेजारी विणून त्यांत आडवा दोरा अडकवलेला असतो. हाताच्या क्रोशाशी त्याचं नातं नावापुरतं. खऱ्या क्रोशाच्या जवळ जाणारे प्रयत्न अगदी अलीकडचे आहेत. जर्मनीत बीलेफेल्ड इथल्या संशोधकांनी ‘क्रोमॅट’ नावाचं यंत्र तयार केलं. ते सपाट कापड विणतं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी ‘क्रोशेमॅटिक’ हे गोल विणणारं यंत्र २०२३ मध्ये मांडलं. त्यात नऊ अक्षांवरच्या हालचाली आळीपाळीने चालतात, दोऱ्याचा ताण मोजायला संवेदक आहे, आणि एवढं करून सगळ्यात साधा टाका बरोबर पडण्याचं प्रमाण ५०.७ टक्के. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. संशोधकांनी आकडा लपवला नाही, हे मोठंच आहे. पण ज्यांना वाटतं की पुढच्या दिवाळीपर्यंत यंत्रमानव तोरणं विणून देणार, त्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

एवढ्यावर हाताच्या बाजूचे लोक खूश होतील. त्यांनी जरा थांबावं. चारशे वर्षांत माणसाने चंद्रावर पाय ठेवला, आणि एक सुई त्याला चालवता आली नाही, हे केवळ टाक्याच्या अवघडपणामुळे असेल? यंत्र बांधायला पैसा लागतो, आणि पैसा तिथे लागतो जिथे मजुरी महाग पडते. क्रोशाची मजुरी कधी महाग पडलीच नाही. आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी भागात, नरसापूर आणि आसपासच्या गावांत, एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा निर्यातीचा मोठा व्यवसाय झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे अभ्यास केला. तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं: घरचं सगळं आवरून बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. एकीने फुलं विणायची, दुसरीने ती जोडायची, दलालाने गोळा करायची, व्यापाऱ्याने परदेशी पाठवायची. छप्पर नसलेला कारखानाच तो. पण या बायका कामगार नव्हत्या. त्या ‘घरी बसलेल्या’ होत्या, फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या. फावल्या वेळाला दर कोण लावतो? यंत्राला जमत नाही म्हणून क्रोशा हाताने होतो, हे अर्धं सत्य आहे. हातच इतका स्वस्त पडला की यंत्राची गरज कुणाला भासली नाही, हे उरलेलं अर्धं. आज मोठ्या दुकानांत क्रोशाचे झगे आणि पिशव्या ढिगाने लटकलेल्या दिसतात. त्यातलं जे अस्सल क्रोशाचं असतं ते कुठल्या तरी बाईच्या हातून निघालेलं असतं, कारण दुसरा मार्गच नाही. किंमतीची चिठ्ठी बघावी आणि त्यातून दोरा, वाहतूक, दुकानाचं भाडं, दलाली वजा करत जावं. उरतं त्यात तास बसवून दाखवावेत.

आता एक वेगळा क्रोशा बघू. हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउसकॉफ हे गणितज्ञ ब्रिस्टल विद्यापीठात असताना एका गुंतागुंतीच्या पृष्ठभागावर काम करत होते. हवेच्या हालचालींचं वर्णन करू पाहणारी लॉरेन्झची समीकरणं आहेत, त्यांतून निघणारा तो पृष्ठभाग. त्यासाठी त्यांनी लिहिलेली आज्ञावली पृष्ठभाग वर्तुळावर वर्तुळ चढवत वाढवायची. ओसिंगाबाईंच्या लक्षात आलं की हे तर क्रोशाच्या नमुन्यासारखंच आहे. त्यांनी तो विणून काढला आणि दोघांनी २००४ मध्ये त्यावर लेख लिहिला. २५,५११ टाके, ८५ तास. हे आकडे नोंदलेले आहेत. ताशी साधारण ३०० टाके, मिनिटाला पाच. आणि नरसापूरच्या एखाद्या मेजपोसात किती टाके असतात? बाळंतविड्यातल्या कुंचीत किती? देवळाला वाहिलेल्या तोरणात? कुणी मोजलेले नाहीत. विणणारीने नमुन्यापुरते मोजले, ओळ संपली की विसरली. विद्यापीठात विणलेल्या क्रोशाला टाक्यांची आणि तासांची नोंद असते, ओसरीवर विणलेल्याला नसते; सुई तीच, दोरा तोच. या दोन क्रोशांतलं अंतर मला यंत्र आणि हात यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आणि नेमकं हे अंतर बुजवायला संगणक आज तयार आहे. विणायला तो अजून चाचपडतोय, मोजायला मुळीच नाही. क्रोशाचा नमुना मुळात क्रमवार सूचनाच असतो: सहा साखळ्या, गोल जोडा, तीन साखळ्या, अकरा खांब, फुलीच्या खुणेपासून पुन्हा. इस्राएलमधल्या टेक्निऑन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘अमिगो’ नावाची पद्धत मांडली: संगणकातली त्रिमितीय आकृती द्या, ती जपानी धाटणीच्या विणलेल्या बाहुलीचा नमुना काढून देते, टाक्या-टाक्यासकट. म्हणजे कुठल्याही वस्तूचे टाके विणण्याआधीच मोजता येतात. दहा हजार टाक्यांचा मेजपोस ताशी ३००च्या गतीने तेहतीस तासांचा. आठ तासांचा दिवस धरला तर चार दिवसांहून थोडं जास्त. सराईत बाई लवकर करेल, बारीक दोऱ्याला वेळ जास्त लागेल, गती प्रकाराप्रमाणे ठरवावी. पण चार दिवसांची मजुरी हा आकडा एकदा पावतीवर छापला की ‘ताई, घरबसल्याच तर करता’ या वाक्याला उत्तर मिळतं. आज आपल्या ओळखीतली एखादी बाई ऑर्डर घेते तेव्हा ती दोऱ्याचे पैसे जोडते आणि वर ‘द्या काहीतरी’ म्हणते. त्या ‘काहीतरी’ची जागा बेरजेने घेतली पाहिजे. इतकी साधी गोष्ट सोडून आपण नऊ अक्षांच्या गप्पा मारतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मोजणी कामगाराच्या भल्यासाठी कधी आली? कारखान्यात स्टॉपवॉच आलं ते घाम जास्त काढायला. आज गोदामात माल उचलणाऱ्या पोरांच्या हातातलं यंत्र मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतं, आणि त्या हिशेबाने त्यांचा पगार वाढत नाही, नोकरी जाते. क्रोशा ही घरातली तेवढी एक जागा होती जिथे बाईच्या डोक्यावर घड्याळ नव्हतं, तिथेही तुम्ही घड्याळ आणणार? हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. मग सोलापूरकडे बघितलं. तिथल्या विडी वळणाऱ्या बायका, बहुतेक तेलुगू भाषक, त्याही घरीच बसून काम करतात, त्यांनाही नगावर पैसे. फरक एवढाच की त्यांच्या कामाचं माप ठरलेलं आहे: हजार विड्यांना अमुक दर. माप ठरलेलं असल्याने भांडायला काहीतरी हातात होतं. संघटना झाल्या, संप झाले. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. सोलापूरजवळ कुंभारीला गोदुताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तीही बायकांनी लढून मिळवली. विडीचं कौतुक करण्याचा माझा इरादा नाही; तंबाखूची धूळ छातीत घेऊन ही मजुरी मिळते, आणि ‘छाट’ म्हणून चांगल्या विड्या बाजूला काढून बायकांना फसवण्याचे प्रकारही होत आले आहेत. तरीही विडी वळणारीला सरकारदरबारी नाव आहे. लेस विणणारीला काय आहे? घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत इला भट्ट यांची ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना पुढे होती. आणि भारताने तो मान्य केलेला नाही. मोजणी चाबूक होते ती मोजणारा एकटा मालक असतो तेव्हा. वही बाईच्या हातात राहिली पाहिजे, ही अट मी काढून घेणार नाही.

आता पोटापाण्याचा मुद्दा. यंत्र आलं की हातचं जातं, ही भीती बाळबोध म्हणून उडवून लावणाऱ्यांनी आयर्लंडचा इतिहास बघावा. १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, लाखो माणसं उपासमारीने आणि तापाने गेली. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या मठातल्या जोगिणींनी आणि क्लोन्सच्या धर्मगुरूंची पत्नी कॅसँड्रा हँड यांच्यासारख्यांनी गरीब घरांतल्या मुलीबायकांना क्रोशाची लेस शिकवली. तिच्या जोरावर कित्येक घरं तगली. चाळीसेक वर्षांनी, १८८०च्या दशकात, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत एक युक्ती निघाली: कापडावर यंत्राने दाट भरतकाम करायचं, मग खालचं कापड रसायनाने विरघळवून टाकायचं, उरते ती हुबेहूब लेस. लांबून बघणाऱ्याला ती आयरिश क्रोशाच वाटे. या गोष्टीतला खरा धडा हाताच्या कैवाऱ्यांनाही नीट कळलेला नाही. त्या यंत्राला क्रोशाचा एकही टाका येत नव्हता. त्याला यावा लागलाच नाही. गिऱ्हाइकाला फसवण्याइतकं सारखं दिसलं की भागतं. त्यामुळे ‘यंत्राला क्रोशा जमत नाही’ ही ढाल गेली सव्वाशेहून जास्त वर्षं फाटकी आहे, आणि आपण ती अजून उराशी धरून बसलोय. (आयरिश लेस त्यानंतरही पुरी मेली नाही, पहिल्या महायुद्धाच्या आसपास फॅशनच बदलली तेव्हा तिचं कंबरडं मोडलं. सगळं पाप यंत्राच्या माथी मारता येत नाही.)

आपल्याकडे हेच पैठणीचं झालं. येवल्याच्या हातमागावरची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण रंगारंगाचा बाणा, म्हणजे आडवा दोरा, जागच्या जागी गुंफलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीच्या पाठीमागे सुटे दोरे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पण लग्नाच्या बस्त्यात साडी उलटून बघतं कोण? हातमागाला वाचवायला १९८५ मध्ये संसदेने कायदा केला, काही प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवले. यंत्रमागवाले न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये कायदा उचलून धरला. राखीव प्रकार आधी २२ होते, पुढे ११ उरले. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी ‘पैठणी’ म्हणून यंत्रमागाच्या साड्या राजरोस विकल्या जातात. आणि इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचं पोटही त्याच कापडावर आहे, त्याला खलनायक कसं ठरवायचं? मनाईच्या जोरावर हात वाचवता येतो या समजुतीला आपण चाळीस वर्षं दिली आहेत. पैठणी जिथे टिकली तिथे साडी उलटून बघणारं, फरक ओळखून त्याचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक होतं. ते गिऱ्हाईक तयार व्हायला फरक कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. क्रोशाच्या बाबतीत टाक्यांची आणि तासांची पावती हाच तो लिहिलेला फरक. रसायनात विरघळवून काढलेल्या लेसला ती पावती देता येणार नाही.

समोरच्या बाजूचा, म्हणजे यंत्रवाल्यांचा, सगळ्यात सभ्य युक्तिवाद असा: क्रोशाचं स्वस्त काम शोषणावर चालतं, म्हणून यंत्र आणून ते शोषण संपवू. ऐकायला किती उदात्त! पण ज्या बाईला दिवसाचे फार थोडे मिळतात, तिचं काम काढून घेतलं की तिला काहीच मिळत नाही. तिचं शोषण संपलं असं आपण म्हणायचं, ती काय म्हणेल? मजुरी कमी असण्यावर उपाय मजुरी वाढवणं हा आहे, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्थात यंत्रवाल्यांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं: प्रत्येक हातकाम जपण्याच्या लायकीचं नसतं. रोज पहाटे जात्यावर दळणाऱ्या बायकांना पिठाची गिरणी आली तेव्हा दुःख झालं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी जातं ओढलेलं नसावं. जातं गेलं ते बरं झालं. पण जात्याबरोबर ओवी जायला नको होती. ती गेली नाही, कारण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून, पुढे अनेकांना बरोबर घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ओव्यांची संख्या नव्हे. ओवी कुणी म्हटली, ती बाई कुठल्या गावची, हे तिच्याबरोबर नोंदवलेलं आहे. लोकगीत म्हणून बाईचं नाव पुसून टाकण्याची जी आपली जुनी खोड, ती तिथे मोडली.

आत्म्याचा मुद्दा मी इथेच निकालात काढते. हातच्या टाक्यातला किंचित वाकडेपणा सुंदर असतो, मान्य. पण ज्या बाईला पाचशे फुलं एकसारखी करून द्यायची आहेत, वाकडी निघालेली परत येणार आहेत, तिच्यासमोर वाकडेपणाचं सौंदर्यशास्त्र मांडायला फार धीट असावं लागेल.

मग यंत्रमानवाला क्रोशा शिकवायचा तरी कशासाठी? इथे एक हुशार माणूस म्हणेल, कशाला शिकवता, दोन सुयांचं विणकाम यंत्राला येतंच आहे. त्याच्याकडे पुरावाही भक्कम आहे. २०१८ मध्ये मेक्सिको सिटीत ‘निटकँडेला’ नावाचं काँक्रीटचं वळणदार छत उभारलं गेलं. त्याचा साचा लाकडाचा नव्हता; झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या गटाने तो यंत्रावर ३६ तासांत विणला, घडी घालून प्रवासी बॅगांतून नेला, आणि तारांच्या जाळीवर ताणून त्यावर काँक्रीट चढवलं. पाच टनांहून जास्त वजनाचं छत, साचा आणि तारा मिळून अवघे ५५ किलो. पुराव्याला दाद देऊनही मी क्रोशाच्या बाजूने बोलेन, आणि साक्षीदार म्हणून डायना टायमिना यांना बोलावेन. कॉर्नेल विद्यापीठातल्या या लाटवियन गणितज्ञ बाईंना १९९७ मध्ये अतिपरवलयी पृष्ठभागाचा हातात धरता येईल असा नमुना हवा होता. हा पृष्ठभाग कडेला जाईल तसा वाढत वाढत झालरीसारखा दुमडत जातो. कोबीच्या पानाची कड तशीच. कागदाचे नमुने फाटत. त्यांनी आधी दोन सुया घेतल्या, पण प्रत्येक ओळीला टाके इतके वाढत की सुईवर मावेनात. क्रोशाच्या सुईवर एकच फास, मग कड कितीही वाढू दे. ज्या गुणामुळे क्रोशा यंत्राला अवघड, त्याच गुणामुळे तो असे आकार घेतो जे सुयांच्या रांगेला झेपत नाहीत. वाटेल तिथून फांदी फोडता येते, आणि एक टाका तुटला म्हणून अख्खी ओळ शिडीसारखी उसवत जात नाही. काचेचा तंतू, धातूची तार, माणसाच्या बोटांना जे दहा मिनिटं झेपणार नाही अशा दोऱ्याने मोठे, पोकळ, फांद्या फुटलेले आकार विणायचे असतील तर तिथे यंत्रमानव खुशाल यावा. त्याने बाळाचं टोपरं विणण्यात जगाचं काय साधणार आहे? ते काम हाताला येतं, आणि हात रिकामे आहेत.

राहिला प्रश्न, यंत्राला शिकवणार कोण. नमुन्यात टाक्यांची संख्या असते, ताण नसतो. दमट हवेत सुती दोरा कसा वागतो, कुठल्या ओळीपासून रुमाल वाटीसारखा वर उचलू लागतो आणि तो सपाट ठेवायला कुठे एक खांब गुपचूप वाढवायचा, हे बोटांत असतं. ते काढून घेण्याची रीतही आता रुळते आहे. तामिळनाडूतल्या करूरमध्ये माणसं कपाळाला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात आणि ते चित्रण यंत्रमानवांना शिकवायला परदेशी जातं, अशा बातम्या २०२५ मध्ये आल्या. करूर हे कापडाचंच गाव. उद्या असाच कॅमेरा नरसापूरच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या बाईच्या कपाळावर बांधला जाईल. तिला तासाचे पैसे मिळतील, ती खूशही होईल, आणि चाळीस वर्षांच्या सरावातून आलेला ताण एकदाच, कायमचा विकला जाईल. भौगोलिक मानांकन इथे कामाचं नाही. ते गावाचं नाव राखतं, बोटांतलं ज्ञान राखत नाही. वारली चित्रकलेत माध्यम बदललं तेव्हा काय झालं ते आपण बघितलंय. लग्नाचा चौक बायका लिहीत. १९७०च्या दशकात चित्रं कागदावर आली, बाजारात गेली, आणि नावं पुरुषांची झाली. क्रोशाच्या प्रयोगशाळेत मात्र वेगळं दिसतं आणि ते कबूल केलं पाहिजे. टायमिना, ओसिंगा, निटकँडेलाच्या कामातल्या मारियाना पोपेस्कू, या सगळ्या बायकाच. म्हणजे फट बाई आणि पुरुष यांच्यात नाही. ती पगारी बाई आणि नगावर काम करणारी बाई यांच्यात आहे, आणि म्हणून ती आपल्याला दिसत नाही. व्यासपीठावर बाई उभी आहे एवढ्यावर आपलं समाधान होतं.

या सगळ्याला एक व्यवहारी उत्तर येईल: दर वाढवले, नावं छापली, तर माल महागेल आणि गिऱ्हाईक पळेल. काही पळेल. शंभर रुपयांत क्रोशाची पिशवी मागणारं गिऱ्हाईक पळालंच पाहिजे. ते आजवर बाईच्या तासांवर मजा करत होतं. पण जी संस्था यंत्र बांधायला निघाली आहे ती गिऱ्हाइकाचं कारण सांगू शकत नाही. मुंबई आयआयटीतली आयडीसी ही डिझाइनची संस्था असो, फॅशन शिकवणारी निफ्ट असो, की एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय. क्रोशाच्या प्रकल्पाचा अर्ज जातो तेव्हा त्यात मोटरींचा खर्च असतो, संवेदकांचा असतो, परिषदेला जायच्या विमानाच्या तिकिटाचाही असतो. विणणाऱ्या बायका त्यात ‘क्षेत्रभेट’ या रकान्यात, चहा-नाश्त्याच्या खर्चाबरोबर येतात. त्यांना सल्लागाराचा दिवसाचा दर लावा, शोधनिबंधावर त्यांचं नाव लेखक म्हणून घाला, पेटंट निघालं तर त्यात वाटा लिहून द्या, आणि त्यांनी नको म्हटलं तर चित्रण पुसून टाकण्याचं कलम करारात ठेवा. करार मराठीत किंवा तेलुगूत असावा, आणि सही करण्याआधी तो घरी नेऊन कुणाला तरी दाखवायला आठवडाभराची मुदत असावी.